‘सुटका झाली, पैसे मिळाले, मग पुनर्वसन कशाला?’

‘कोठडीत छळ झाल्याचे सांगणारे बहुतेक खोटे बोलतात, खरेच छळ झाला असेल तर न्यायालय सोडते, भरपाईही देते, मग करदात्यांच्या पैशाने पुनर्वसन कशाला? आपले कायदे पुरेसे आहेत’ अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातला एकही मुद्दा टिकणारा नाही.

‘अंगावर वळ नव्हते’ हा खोटेपणाचा पुरावा मानला जातो. तळपायांवर मारतात ते याचसाठी की, सूज काही दिवसांत उतरते, तपासणी लांबली तर कागदावर काहीच येत नाही, आणि चालतानाची वेदना मात्र वर्षानुवर्षे उरते. अशा छळाच्या शारीरिक व मानसिक खुणा कशा नोंदवाव्यात, हे सांगणारी संयुक्त राष्ट्रांची इस्तंबूल नियमावली १९९९ पासून उपलब्ध आहे.

भरपाई आपोआप मिळते, हेही खरे नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये मंजूर केले ते २०१८ मध्ये. गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यातून २०१४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांची भरपाईची मागणी तर त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये विचारातच घेतली नाही.

पुनर्वसनाला ‘लाड’ म्हणणाऱ्यांनी छळानंतरचे आयुष्य जवळून पाहावे, असे मला कळकळीने वाटते. विजेचे झटके सोसलेल्याला ईसीजीच्या तारा सहन होत नाहीत. हातपाय बांधून मार खाल्लेल्याला दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही बसवत नाही. म्हणजे ज्याला उपचारांची सर्वांत जास्त गरज आहे, तोच दवाखान्याला घाबरतो. म्हणूनच डॅनिश डॉक्टर इंगे गेनेफके यांनी १९८२ मध्ये कोपनहेगनला उभारलेल्या केंद्रात शरीराचे आणि मनाचे उपचार एकत्र सुरू झाले. ही दया नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराच्या अनुच्छेद १४ मध्ये भरपाईबरोबरच शक्य तितके पूर्ण पुनर्वसनही पीडिताचा हक्क मानले आहे.

‘आपले कायदे पुरेसे आहेत’ हा शेवटचा दावा. त्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकले आणि पुढे लोकसभेची मुदत संपताच आपोआप रद्द (व्यपगत) झाले. कोठडीत इजा झाल्यास ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, ही विधी आयोगाची १९८५ मधली शिफारस २०१७ च्या २७३व्या अहवालात पुन्हा करावी लागली.