सात रस्ता आणि मे महिन्यातला हीटर

मे महिना, दुपारचे बारा, सोलापूर ४३ अंशांवर, आणि मी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीचा हीटर फुल्ल सोडून बसलेलो. मागच्या सीटवर सासूबाई. त्यांनी आधी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग पायाशी येणाऱ्या गरम झोताकडे, मग लेकीकडे. "ह्यांना बरं नाही का गं?"

बरं गाडीला नव्हतं. १९९८चं मॉडेल, एसी नाही, आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला. अशा वेळी हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत, म्हणजे आपल्या अंगावर, ओढून घेता येते. शास्त्र बरोबर आहे. सासूबाईंना समजावायची ती वेळ नव्हती, एवढंच.

शेवटी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. लगेच चौघे जमले. "गाडी तापलालीय की ओ," एकाने शोध लावला. दुसऱ्याने रुमाल काढून थेट रेडिएटरच्या झाकणालाच हात घातला. मी तो धरला. आत इंजिन थंड ठेवणारं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळं एकदम तोंडावर. "तीस वर्षं गाडी चालवलोय बे मी," तो म्हणाला. त्याच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग बघून मला ते पटलं.

पुढचे पंधरा दिवस निदानात गेले. पहिल्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधीच 'हेड गॅस्केट गेलं', म्हणजे इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील फाटलं, असं सांगितलं. पण ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, मग मीच सटकलो. दुसरा म्हणाला, बोअरच्या पाण्याने रेडिएटर चोक झालाय. हे मात्र मनाला लागलं. नळाला पाणी येतं चार दिवसांआड आणि कूलंट महाग, म्हणून मी वर्षभर बोअरचंच ओतत होतो. आमच्या गीझरची कॉइल एकदा बघितली असल्यामुळे रेडिएटरच्या पोटात काय असेल याची कल्पना आली. धुऊन घेतला. काटा तसाच. तिसऱ्याला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढूनच टाकायचा होता. "सोलापुरात कशाला लागतोय ओ, थंडी कुठंय?"

तो थर्मोस्टॅट मी घरी आणला. चहाच्या पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी लेकाच्या प्रयोगाचा थर्मामीटर. थर्मोस्टॅटच्या अंगावर ८२ कोरलेलं. ७५ झाले, ८० झाले, ८३ला मधली चकती सायीसारखी हळूच वर उचलली गेली. "उघडला!" मी ओरडलो.

"ते पातेलं आता तुमच्याच चहाला," बायको म्हणाली. गॅस बंद करता करता तिने विचारलं, "अहो, अक्कलकोट रोडला काटा खाली असतो, सिग्नलला चढतो. पळताना वारा लागतो म्हणून ना? मग उभी असताना वारा कोण घालतं?"

पंखा! पंधरा दिवसांत तो फिरताना कुणी बघितला होता? मी धरून कुणीच नाही. टॉर्च घेऊन खाली पळालो. पंखा आणि रेडिएटरच्या मधे लाल-हिरव्या सुताचं गुबगुबीत घरटं. उन्हापासून जपायला गाडीवर मी जुनी सोलापुरी चादर टाकत होतो. उंदरांनी तिच्या दशा ओढून संसार थाटला होता आणि पंख्याची वायर कुरतडून दात लावले होते. ऑटो इलेक्ट्रिशियनने २०० रुपयांत वायर जोडली.

रविवारी पुन्हा अक्कलकोट. सात रस्त्याला सिग्नल लाल. काटा चढला, मध्याच्या जरा वर गेला, पुढून घर्र आवाज आला आणि काटा उतरू लागला. मी ऐटीत मागे वळून बघितलं. सासूबाई डोक्यावर ओला नॅपकिन, मांडीवर पाण्याची कळशी अशा तयारीने बसल्या होत्या.

"आज शेगडी पेटवायची नाही का, जावईबापू?"