टायगर वुड्स 2008लाच संपला म्हणे!

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की गोल्फपटू टायगर वुड्स 2008लाच संपला, 2019चं मास्टर्स (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी एक) त्याला लॉटरीत लागलं, मेजरही जुन्या जमान्यातल्या जॅक निकलसपेक्षा कमीच, आणि तसंही गोल्फ म्हणजे पोट सुटलेल्यांचा मॉर्निंग वॉक. काल धरमपेठेत तर्री पोहे खाताना एका भावानं तेच तोंडी ऐकवलं, मग म्हटलं आता लिहूनच टाकतो बाप्पा.

संपला होता तर 2013 मध्ये पाच स्पर्धा जिंकून परत एक नंबरवर कोण गेलं बे? 11 वर्षं मेजर मिळाली नाही हे खरं, पण त्यात पाठीची चार ऑपरेशन झाली, 2017च्या शेवटच्या ऑपरेशनात तर मणके जोडले, रँकिंग हजाराच्याही खाली गेलं.

आता लॉटरी. मास्टर्स जिथे होतं त्या ऑगस्टाच्या मैदानाचं बारावं होल जेमतेम 155 यार्डांचं, समोर नाला, वारा कुठून येईल सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी झेंडा, म्हणजे बॉल घालायचं भोक, उजवीकडे, आणि तिकडेच मोह होतो. टायगरच्याच ग्रुपमधला मोलिनारी दोन शॉटनी पुढे होता, त्याचा बॉल काठावर पडून हळूच घरंगळत पाण्यात. फिनाऊ पाण्यात. पुढच्या ग्रुपमधले कोपका आणि पोल्टर, तेही पाण्यात! टायगरनं झेंड्याकडे बघितलंच नाही, डावीकडे ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) मोकळ्या भागात बॉल ठेवला आणि गुपचूप पार घेऊन, म्हणजे ठरलेल्या शॉटमध्येच होल संपवून निघाला. चौघं बुडाले म्हणून हा जिंकला म्हणता, मग हा का नाही बुडाला ते पण सांगा ना राजेहो. आणि नंतर 15 आणि 16 वर बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) कोणी मारली, नाल्यानं?

मॉर्निंग वॉकवाल्यांसाठी फक्त टायगरनं जिंकलेलं 2008चं यूएस ओपन, तीही मेजरच. डाव्या पायाच्या हाडाला दोन ठिकाणी बारीक फ्रॅक्चर, गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं, रविवारी शेवटच्या होलवर 12 फुटांवरून बॉल भोकात घालून बरोबरी, सोमवारी आणखी 18 होल, तरी टाय, मग अजून एक. आधीच्या चार दिवसांची 72 धरून एकूण 91 होल, सगळी चालत, कारण तिथे गाडी चालत नाही.

एक मुद्दा मात्र त्या फॉरवर्डचा बरोबर आहे, मेजर निकलसच्या 18 आणि टायगरच्या 15, त्यावर मी भांडणार नाही. बाकी मॉर्निंग वॉकवाल्या भावानं मे महिन्यात दुपारी फुटाळा तलावाला नुसते दोन राउंड मारून दाखवावेत, पुढचे पोहे माझ्याकडून.