गुराखी नसलेला डोंगर

जून उजाडला की आमच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे कुठल्यातरी धबधब्याखाली मुंगी शिरायला जागा नसल्याचा फोटो. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची पीडीएफ: अमुक गड, तमुक धबधबा, अमुक तारखेपर्यंत बंद. पूर्वी कलम १४४ असायचं, आता नव्या कायद्यातलं १६३ असतं. मजकूर तोच. मग भांडण जुंपतं. निम्मे म्हणतात, बरं झालं, आपली लायकीच नाही. उरलेले म्हणतात, डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे? आणि तासाभरात कुणीतरी मला ओढतंच: "तू सांग गं, तिकडे स्कॉटलंडमध्ये कशी शिस्त असते ते."

मी मूळची नाशिकची. इन्व्हरनेसला येऊन आठ वर्षं झाली. एरवी या प्रश्नावर एक हसरा चेहरा टाकून वेळ मारून नेते. यंदा मे महिन्यात 'बेन ए'वर जाऊन आले आणि वाटलं, एकदाचं सांगून टाकावं.

बेन ए हा वायव्य किनाऱ्याकडच्या टॉरिडन भागातला डोंगर. एकच सुळका नाही, लांबलचक धार आहे. सर्वांत उंच टोक १०१० मीटर. (आपली कळसूबाई १६४६, आणि ब्रिटनमधलं सर्वोच्च बेन नेव्हिस १३४५. हे ग्रुपवर सांगितलं की दोन्ही पक्ष एकदम खूश होतात.) पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. चढ जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होतो, आणि मे महिन्यातही माथ्यावर वारा कानफटात मारतो. गेलिक भाषेतल्या नावाचा अर्थ 'कानशीचा डोंगर' असा लावतात. धारेवरून चालताना तो पटतो. खाली तांबूस वालुकाश्म, माथ्यावर पांढऱ्या क्वार्ट्‌झाइटचा सडा. लांबून नवख्याला बर्फच वाटतो. त्यावर पाय पडला की फुटक्या कपबशांच्या ढिगावरून चालल्यासारखा आवाज येतो.

त्या सड्यावर एका आडोशाला चहा ओतत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. जुनं कवाड कुरकुरावं तसा, मध्येच ढेकर दिल्यासारखा. वळून पाहिलं तर पाच पावलांवर टार्मिगन. तित्तिराच्या नात्यातला हा पक्षी हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो आणि उन्हाळ्यात दगडाचा रंग घेतो. हा अर्ध्या वाटेवर होता: पाठ करडी ठिपक्यांची, पोट पांढरं, डोळ्यावर लालभडक भुवई. बोटांपर्यंत पिसं, लोकरीचे मोजे घातल्यासारखी. उडाला नाही. माझ्याकडे एकदा बघून रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा चालत निघून गेला.

त्या दिवशी आठ तासांत मला दोन माणसं आणि दोरीला बांधलेला एक कुत्रा भेटला. दुपारी धुकं उतरलं, वाटेवरचे दगडांचे ढीग दिसेनासे झाले आणि मी कंपास हातात घेऊन अर्धा तास एकाच जागी घुटमळले. तेव्हा हरिश्चंद्रगड आठवला. तिथे वाट चुकलो की कुठूनतरी गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. "मामा, वाट कुठली?" म्हटलं की मामा काठीनंच दाखवायचे, वर "या पावसात कशाला मरायला येता रे" असा प्रसादही मिळायचा. इथे मामाच नाहीत.

का नाहीत, हे फोटोत दिसत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी उत्तरेकडच्या डोंगराळ हायलंड्समधून गावंच्या गावं उठवली, मेंढ्यांसाठी आणि मग शिकारीच्या हरणांसाठी. कित्येक दऱ्यांत आजही घरांचे चौथरे तेवढे उरलेत. स्कॉटलंडमधल्या खासगी ग्रामीण जमिनीतली निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हातात आहे. लांडगे तर त्याआधीच संपवले होते. खाणारं कुणी नाही म्हटल्यावर हरणं वाढली आणि झाडांची रोपं वर यायच्या आत फस्त करू लागली. ज्याला आपण "अस्पर्श निसर्ग" म्हणून वॉलपेपरला लावतो, तो पुष्कळसा असा ओरबाडलेला, रिकामा केलेला डोंगर आहे. बेन एच्या पायथ्याशी, लॉख मरी सरोवराच्या काठावर, जुन्या पाइनवनाचा एक तुकडा तग धरून होता. तो वाचवायला १९५१ साली इथे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. हरणांना अडवणारं उंच कुंपण ओलांडताना फरक नजरेत भरतो. आतल्या बाजूला कमरेएवढी रोपं दाटलेली, बाहेर नुसतं हेदरचं झुडूप आणि गवत. कुंपणासोबत बंदूकही चालते. हरणं मारल्याशिवाय जंगल येत नाही, हे इथले निसर्गप्रेमी चहा पिता पिता सांगतात. आपल्याकडे कुणी असं म्हणून बघावं.

आता शिस्तीबद्दल. २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं इथे कुणालाही जवळपास कुठल्याही डोंगरावर, माळावर, सरोवराकाठी चालायचा हक्क दिला. मालक कितीही बडा असो, जबाबदारीनं वागणाऱ्याला तो हाकलू शकत नाही. हक्काला आचारसंहिता जोडलेली आहे: दुसऱ्याचा मान राखा, निसर्गाला जपा, स्वतःची जबाबदारी स्वतः घ्या. ग्रुपवरच्या दुसऱ्या पक्षाला हे फार आवडतं. पण लॉख लोमंड हे सरोवर ग्लासगो शहरापासून तासाभरावर आहे, म्हणजे आपलं लोणावळंच म्हणा. तिथे बाटल्या, जळके ओंडके आणि टाकून दिलेले तंबू इतके साचले की २०१७पासून मार्च ते सप्टेंबर ठरावीक काठांवर परवान्याशिवाय तंबू ठोकता येत नाही. शिस्त रक्तात असते म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. गर्दी झाली की गोरा माणूसही कचरा करतो, आणि मग इथेही नियम येतो. फरक इतकाच की तो ठरावीक काठांपुरता आणि ठरावीक महिन्यांपुरता येतो. त्याआधी लोकांची मतं मागवतात आणि सरोवराचं पाणी मात्र सगळ्यांना खुलं राहतं.

१९५१ सालचीच दुसरी गोष्ट. मार्चमध्ये हवाई दलाचं एक लँकेस्टर विमान बेन एच्या उत्तरेकडच्या कड्यावर आदळलं, आठजण गेले. बचाव पथकाकडे हिवाळी चढाईचं पुरेसं शिक्षण आणि साहित्य नव्हतं. सगळे मृतदेह खाली आणायला उन्हाळा उजाडला. त्या फजितीनंतर डोंगराला कुलूप लागलं नाही. हवाई दलाच्या पर्वतीय बचाव पथकांचं प्रशिक्षण सुधारलं. विमानाचे तुकडे अजून त्या घळीत पडलेले आहेत. आज टॉरिडनमध्ये बचावाला धावतात ते स्थानिक स्वयंसेवक, आणि पैसे घेत नाहीत. अशी माणसं आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा चिखलातून चढून गेलेल्यांत ट्रेकर मंडळी होतीच. दरीतून माणूस काढायचा असला की प्रशासन आधी त्यांनाच फोन करतं, आणि पुढच्या पावसाळ्यात बंदीचा आदेशही त्यांनाच पाठवतं.

बंदी मला पटत नाही ती एवढ्यासाठी. तिला खर्च नाही. एक कागद काढला की अपघात झाल्यावर बोट दाखवायला जागा होते. रेड अलर्टच्या दोन दिवसांत घाट बंद करा, कुणी नाही म्हणणार नाही. पण दोन महिने सरसकट बंद म्हणजे जो नियम पाळतो तो घरी बसतो, आणि जो पाळत नाही तो मागच्या वाटेनं, वाटाड्याशिवाय चढतो.

पण "कुणाच्या बापाचा" हेही मला झेपत नाही. स्कॉटलंडमधला चालायचा हक्क रिकाम्या डोंगरावर आला. आपला डोंगर रिकामा नाही. तिथे महादेव कोळ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या आहेत, देवराया आहेत, भाताची खाचरं आहेत. इथले मेंढपाळ सध्या लिंक्स हे रानमांजर परत आणायच्या चर्चेवरून हवालदिल आहेत. जानेवारी २०२५मध्ये केर्नगॉर्म्स भागात कुणीतरी गुपचूप चार लिंक्स सोडली, ती पकडली, त्यात एक दगावलं. माणसाच्या वाटेला सहसा न जाणाऱ्या प्राण्याबद्दल इथे वर्षानुवर्षं सभा चालतात. आणि जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्यांसोबत राहणाऱ्या माणसाला आपण पुण्यात बसून सहजीवनाचे धडे देतो! डोंगराचा हक्क मागायचाच असेल तर आधी या माणसांचा. किती जण चढणार, शुल्क कुणाच्या हातात जाणार, वाटाड्या कोण, काजव्यांच्या दिवसांत गाड्या कुठे थांबणार, हे वाडीत बसून ठरायला हवं. कलेक्टर कचेरीत नाही, आणि आमच्या ग्रुपवर तर नाहीच नाही.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत जेवायला थांबले होते. पिठलं वाढता वाढता ताईंनी विचारलं, "तिकडं पावसात डोंगर बंद ठेवत्यात का?" नाही म्हटलं. "मग बरंय," त्या म्हणाल्या, "आमचे चार पैसे पावसातच सुटत्यात. बंदी आली की पोरं आडवाटेनं वर जात्यात. माझ्याकडं जेवत नाहीत, आन् वाटही इचारत नाहीत."