कांगारू पद्धत : छातीशी धरायचं, पण कसं?

कमी वजनाच्या बाळाला ऊब मिळावी म्हणून आईच्या छातीशी धरा, ही कांगारू पद्धत; तिच्यावरच्या एका लेखात एवढंच आहे. कसं धरायचं ते राहिलं, आणि चुका तिथंच होतात.

बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं, पायमोजे. झबलं नकोच, मध्ये कापड आलं की आईची ऊब पोचत नाही. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवावं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवून मान किंचित मागे. हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबते, हा खरा धोका. वरून मऊ सुती साडीचा पट्टा. त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी. पोटावर आवळू नका, बाळ पोटानेच श्वास घेतं. आईने सपाट न झोपता उशांना टेकून तिरकं बसावं.

एका वेळी किमान तासभर, दिवसात ८ तासांहून जितकं जास्त तितकं बरं. आई थकली की बाबांनी किंवा आजीने धरावं (बाबा लाजतात, पण त्यांची ऊबही चालते). बाळाला दूध ओढता येत नसेल तर आईचं पिळलेलं दूध बोंडल्याने द्यावं, बाटलीने नाही.

पोट गरम आणि तळपाय गार, म्हणजे बाळ गारठतंय. दोन्ही गार असतील किंवा दूध ओढणं मंदावलं, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. शेगडी-धुरी मात्र खोलीतूनच हलवा, धुराने श्वास आणखी बिघडतो.

साधारण अडीच किलोच्या सुमारास बाळ स्वतःच वळवळून बाहेर येऊ पाहतं. तेव्हा थांबवावं.