तीन सेकंदांत शंभर, आणि त्यापुढचे वळण

गोव्यातील गाडीप्रेमींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. विजेची मोटार तीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, बॅटरी तळाशी असल्याने वळणावर रस्ता सोडत नाही, गिअरची कटकट नसते आणि अमेरिकेतील पाइक्स पीक डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीचा विक्रमही तिच्याच नावावर आहे. म्हणून चालवण्याची आवड असलेल्याने पेट्रोलवरची स्पोर्ट्स कार आता विसरावी, असा त्याचा आशय आहे. यातील माहिती बहुतांशी खरी आहे, निष्कर्ष मात्र तिच्यातून निघत नाही.

वेगाचा मुद्दा लवकर मिटतो. विजेच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मिळतो, हे मान्य. पण त्यासाठी चालकाला पेडल दाबण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही, आणि ज्यात कौशल्याला वाव नाही त्यात आवड किती दिवस टिकणार?

खरा प्रश्न वळणाचा आहे. तळाशी असलेल्या बॅटरीमुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी कमी कलते, हे खरेच. परंतु त्यामुळे वजन घटत नाही. माझदाची एमएक्स-५ ही पेट्रोलवरची स्पोर्ट्स कार जेमतेम ११०० किलोंची आहे, तर ह्युंदाईची विजेवरची आयोनिक ५ एन सुमारे २२०० किलोंची. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जड गाडीला रुंद टायर आणि कडक सस्पेन्शन द्यावे लागते, आणि रस्त्याची बारीकसारीक खबर हातापर्यंत पोहोचण्याआधीच मंदावते. पावसाळ्यात चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना, धुक्यातून अचानक समोर आलेल्या वळणावर ओला पाचोळा पसरलेला असतो, तेव्हा पुढची चाके किंचित सरकू लागल्याचे स्टिअरिंग हलके पडण्यावरून कळणे हीच हलक्या गाडीची खरी देणगी आहे. घाट उतरताना विजेची गाडी ब्रेकची बरीच ऊर्जा बॅटरीत परत घेते, हा तिचा मोठा गुण मी नाकारत नाही.

गिअरच्या कटकटीबद्दल ह्युंदाईनेच उत्तर दिले आहे. २०२३ मध्ये आणलेल्या त्याच आयोनिक ५ एनमध्ये कंपनीने नकली गिअर आणि नकली इंजिनाचा आवाज मुद्दाम बसवला. ब्रेकवर पाय ठेवूनच टाचेने ॲक्सिलरेटर टोचायचा, इंजिनाचे फेरे जुळवायचे आणि तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर धक्का न बसता यायचे, ही कला ज्याला साधली त्याला ती कटकट वाटत नाही.

राहिला पाइक्स पीक. २०१८ मध्ये फ्रेंच शर्यतपटू रोमँ द्युमा यांनी फोक्सवॅगनच्या आयडी.आर या विजेच्या गाडीतून तो सुमारे २० किलोमीटरचा, १५६ वळणांचा चढ ७ मिनिटे ५७ सेकंदांत पार केला. शेवट ४,३०० मीटरवर असल्याने तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, मोटरची घटत नाही. चोर्ल्याच्या सुमारे ८०० मीटरवर हा फायदा नगण्य आहे. शिवाय ती खास शर्यतीसाठी बांधलेली गाडी चालकासह ११०० किलोंपेक्षा हलकी होती, कारण तिला एका चढाईपुरतीच बॅटरी वाहायची होती. म्हणजे जो विक्रम वजनाच्या आक्षेपाला उत्तर म्हणून पुढे केला जातो, तोच त्या आक्षेपाला दुजोरा देतो. रस्त्यावर शेकडो किलोमीटर चालणारी बॅटरी इतकी हलकी झाली की माझा मुख्य आक्षेप उरणार नाही. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्यांबाबत तो कायम आहे.