तो गोळा टेकडीमागे पडलेला नाही

अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का, मी एकदा पाहिलाय. दिव्याच्या खांबाची सावली जमिनीवरून सर्रकन फिरली म्हणून मान वर केली, तर हिरवट गोळा तिरपा खाली येत होता आणि मागे नारिंगी ठिणग्या तुटत होत्या. तीन-चार सेकंदांत सगळं संपलं. तो समोरच्या झाडांमागेच पडला, असं मीही तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. म्हणून अशी उल्का दिसली की फिरू लागणारा तो मेसेज कुणी मुद्दाम खोटा लिहिला, असं मी म्हणणार नाही. ‘गोळा जवळच पडलाय, दगड लालभडक आहे, आग लागेल, आवाज आला नसेल तर तो उपग्रह समजा.’ पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी ‘जवळच’. उल्का साधारण १०० किलोमीटर उंचीवर पेटते आणि बहुतेक वेळा जमिनीपासून २० किलोमीटर वर असतानाच विझते. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले सुमारे १० अंश झाकले जातात. क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर विझलेला गोळा प्रत्यक्षात ३० किलोमीटर वर असेल, तर तो तुमच्यापासून सुमारे १७० किलोमीटर लांब असतो. टेकडीमागे शोधायला जाऊन काय मिळणार?

लालभडक दगडाचंही तेच. उजेड मुख्यतः पुढची हवा प्रचंड दाबली जाऊन तापल्यामुळे पडतो. दगडाचा वितळलेला थर तिथल्या तिथे उडून जातो, आतपर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. विझल्यावर तो काही मिनिटं थंड हवेतून नुसता पडत राहतो. हाती येते ती पातळ काळ्या कवचाची, फार तर कोमट अशनी, म्हणजे जमिनीवर पोचलेला उल्केचा दगड. गवत पेटवण्याची ताकद तिच्यात नसते.

आवाजाला तर वेळ द्यावा लागतो. ६० किलोमीटरवरून तो यायला तीन मिनिटं लागतात आणि बहुतेकदा येतच नाही. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी मोठी उल्का फुटली, तेव्हा लोक लखलखाट पाहायला खिडक्यांशी गेले. हवेचा धक्का नंतर आला आणि फुटलेल्या काचांनी शेकडो जखमी झाले. प्रखर उजेड दिसला तर काचेपासून लांब व्हा, हे मेसेजमध्ये हवं होतं.

उपग्रहाचा तुकडा ओळखायचा तो वेगावरून. तो सेकंदाला आठेक किलोमीटरने, तुकड्यांची माळ घेऊन, कधी मिनिटभर आकाश ओलांडतो. उल्केचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर.

खरंच दिसलाच, तर उभे होतात ती जागा, वेळ आणि गोळा कुठल्या छपराच्या किती मुठी वर विझला, एवढं लगेच लिहून ठेवा. लांबच्या दुसऱ्या गावातल्या कुणाची अशीच नोंद मिळाली, की दोन्ही जागांवरून गोळ्याकडे जाणाऱ्या रेषा कुठे छेदतात ते काढता येतं.