सोनगीर फाट्यावर बापूच्या सुट्टीचा वाद

परवा रात्री धुळ्याजवळच्या आमच्या सोनगीर फाट्यावर, टपरीजवळ आमचा वाद पेटला. विषय निघाला कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांवरून. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि घरातल्या माणसांच्या नावानं मूठ-मूठ गहू काढून रोटांसाठी दळतात. रोट खायचे ते भाऊबंदांनीच. दोन वर्षं झाली, बापूच्या नावाचा गहू निघतो आणि बापू दिल्लीत असतो.

बापू नानांच्या गाडीवर आहे. शहाद्याची पपई भरायची आणि आझादपूर मंडीत उतरवायची, हा त्याचा धंदा. नाना स्वतः पंधरा वर्षं ड्रायव्हर होते, आता दोन गाड्यांचे मालक आहेत. बापूनं यंदाच्या कानबाईची सुट्टी आत्ताच मागितली. नाना म्हणाले, “अरे, पपईच्या गाडीला तारीख देता येते का? तोड झाली की निघावंच लागतं. आणि गाडी उभी राहिली तर हप्ता थांबतो का? बँकेला कानबाई नसते, बापू.”

नाना खोटं बोलत नव्हते. पिकलेली पपई कोणासाठी थांबत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

पण मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. बापूची मागची खेप मी वहीत दिवस मांडून मोजली होती, ती तिथंच वाचून दाखवली. दिल्लीला जायला अडीच दिवस. मंडीत गाडी खाली व्हायला एक. मग रिटर्न भाड्याची वाट बघत तीन दिवस उभी. भाडं मिळालं भिवंडीचं, त्याला अडीच दिवस. तिथं गोडाऊनच्या गेटबाहेर नंबर लागायला दीड, आणि परत यायला अर्धा. एकूण अकरा दिवस, त्यातले चाकं फिरली ते साडेपाच. उरलेले साडेपाच दिवस बापू गाडीखाली सतरंजी टाकून पडून होता.

“म्हणजे बापूचा घरचा वेळ रस्त्यानं खाल्ला नाही, नाना,” मी म्हणालो. “उभ्या गाडीनं खाल्ला.”

नाना म्हणाले, “मी काय मुद्दाम उभी करतो?” तेही खरं. भाडं दलालाच्या हातात, गेट गोडाऊनवाल्याच्या हातात. पण त्या उभं राहण्याचे पैसे, ज्याला आपण हॉल्टिंग म्हणतो, ते मिळालेच तर मालकाला मिळतात. बापूचे पैसे खेपेवर आहेत. तीन दिवस उभा राहिला काय आणि तेरा दिवस काय, रक्कम तीच. ज्याचा वेळ जातो त्याच्या हाती काहीच नाही. हे मला फार लागतं, आणि मी ते जरा चढ्या आवाजातच बोललो.

तेवढ्यात नानांचा भाचा बोलला. तो धुळ्यात एका पार्सल कंपनीच्या गाडीवर होता. तिथं ड्रायव्हर बदलायची पद्धत होती. हा धुळ्याहून नाशिकपर्यंत गाडी न्यायचा, तिथं पुढचा ड्रायव्हर चढायचा, हा मुंबईकडून आलेली गाडी घेऊन रात्री घरी. “मामा, धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही हायवे मिळतात. ड्रायव्हर बदलायला याहून चांगली जागा कोणती?”

नाना उसळले. “तुझ्या कंपनीकडं शेकडो गाड्या. माझ्या दोन. चार हातांतून गाडी गेली तर टायर कोणी घासलं, डिझेल कोणी काढलं, आरसा कोणी फोडला, कोणाला धरू? बापू माझ्या गाडीला पोरासारखा जपतो. तसा कोण जपेल?”

बापू हे ऐकून खाली बघत राहिला. असा विश्वास अंगावर पडला की माणसाला सुट्टी मागताही येत नाही.

कायद्याचं मी काढलं. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्येच कायदा झाला होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला होता, आणि 2025 मध्ये त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. नानांसारखे एक-दोन गाड्यांचे मालक त्या कायद्यातून बाहेरच होते, आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या अशाच मालकांच्या. नाना म्हणाले, आता नव्या ट्रकला केबिनमध्ये एसी लागतो. खरं आहे, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकला तो सक्तीचा झाला. बापूला झोप चांगली लागेल. पण झोपणार केबिनमध्येच ना.

मग बापू बोलला. इतका वेळ तो गप्प होता.

“भिवंडीचं भाडं घेऊन मी ह्याच फाट्यावरून जातो. माझं घर इथून एक किलोमीटर. घर दखास, पन जाता येत नही. मागल्या खेपेला रात्री अडीचला गाडी बाजूला घेतली. घरवाली डबा घेऊन आली, पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली. उठवली नाही. वीस मिनिटं थांबलो. बिजासन घाट उतरतानाच डोळे मिटत होते, तरी पुढं नाशिकपर्यंत मारली.”

कोणी काही बोललं नाही. हायवेवरून गाड्या जात होत्या.

“मी महिनाभर सुट्टी मागत नाही नाना. माले दिन सांगा, बस. कोणत्या तारखेला घरी आहे, हे पोरीला सांगता आलं पाहिजे.”

मला जे सांगायचं होतं ते मी तेव्हाच सांगितलं: दिल्लीहून येताना इथं बदली ड्रायव्हर चढवायचा. भिवंडी इथून तीनशेच्या आसपास किलोमीटर. गेटबाहेरचा दीड दिवस धरून बदली माणूस दोन-अडीच दिवसांत परत येतो, तेवढे दिवस बापू घरी. गाडी थांबत नाही, हप्ता थांबत नाही. बदलीचे पैसे हॉल्टिंगमधून काढायचे, कमी पडले तर नानांनी घालायचे.

“आणि हॉल्टिंग मिळालंच नाही तर?” नानांनी विचारलं.

“तरी घालायचे,” भाचा म्हणाला.

नानांनी चहाचे पैसे दिले, पण उठले नाहीत. बऱ्याच वेळानं भाच्याला विचारलं, “भिवंडीचं गोडाऊन तुला माहीत आहे का रे?”

“आहे ना.”

“लायसन हेवीचं आहे ना अजून?”

बापूनं खिशातून मोबाइल काढला आणि श्रावणातला तो रविवार कोणत्या तारखेला येतो ते बघायला लागला.